थोरली की धाकटी

"मी काय आजारी हाय का, मागं बसायला?"

मामंजी हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की शोरूममध्ये काचेपलीकडे कॉम्प्युटरवर बसलेल्या दोन मुलींनी माना वर केल्या. यांनी त्या लांबलचक काळ्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं, मांडवात व्याह्याला वाट करून द्यावी तसं. आणि मामंजी हात पाठीशी बांधून त्या दाराकडे असे बघत होते, जसं काही आत सलाईन लावून ठेवलंय.

"आजारी माणसं मागं बसतात असं कोण म्हणालं, आबा?" हे म्हणाले. "मालक बसतो मागं."

"मालक पुढं बसतोय. मागं पोती बसत्यात."

गाड्या दाखवायला जे गृहस्थ होते, नाईकनवरे म्हणून, ते हसले. गळ्यात टाय, अंगात कोट, पण हसणं आपल्याकडचं होतं. "काका, या सीटला पोतं म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं," ते म्हणाले.

बारा-तेरा वर्षं झाली याला. आम्ही विट्याहून कोल्हापूरला गाडी घ्यायला गेलो होतो. हे, म्हणजे माझे मालक रणधीर, माझे सासरे आणि मी. घरात ट्रक पुष्कळ होते. यार्डात उभे राहिले की पलीकडची शाळा दिसायची नाही. पण बसायची गाडी म्हणून एक जुनी अॅम्बॅसिडर, तीही मामंजीच चालवायचे, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू द्यायचे नाहीत. मामंजींनी आयुष्य ट्रकवर काढलं. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एका ट्रकचे मालक, आणि तिथून पुढं हे यार्ड. यांनी ते वाढवलं, कंटेनर आणले, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं आणली. आता यांच्या मनात एकच होतं, वडिलांसाठी एक अशी गाडी घ्यायची की गाव बघत राहील.

यात नुसता थाट नव्हता, हे मी यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. हे लहान असताना मामंजींच्या ट्रकच्या सीटला गादी नव्हती, नुसतं पोतं टाकलेलं असायचं. मद्रासहून आले की मामंजी ओट्यावर पालथे पडायचे आणि हे त्यांच्या पाठीवर पाय देत चालायचे. पोरानं बापाची पाठ पायांनी ओळखलेली. त्या पाठीला आता टेकायला काहीतरी मऊ मिळावं, एवढंच यांचं म्हणणं होतं. फक्त ते बोलताना "आपला स्टेटस" असं काहीतरी बोलायचे आणि सगळं बिघडायचं.

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. कंपनी एकच, इंजिनही एकच, असं नाईकनवरे म्हणाले. काळी गाडी चांगली हातभर लांब, आणि ती सगळी लांबी मागच्या माणसाच्या पायाशी ओतलेली. मागं पडदे, मागची सीट आडवी होणारी, पाठ चेपून देणारीसुद्धा. दुसरी राखी रंगाची, आटोपशीर. तिच्यात पडदे नव्हते. मामंजींनी दोघींना एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "ही थोरली, ही धाकटी." मग दिवसभर सगळे तेच म्हणायला लागले, नाईकनवरेसुद्धा.

सकाळी निघायच्या आधी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले होते. आत यायचे नाहीत कधी, उंबऱ्याशी उभं राहूनच बोलायचे.

"शैला, आज तू माझ्या बाजूनं बोल. ते मला मागं घालायला निघालंय."

"मी बोलून हे ऐकतात होय, मामंजी?"

"तुझं ऐकत न्हाई. पन तू बोलाय लागलीस की त्याला पुढचं सुचत न्हाई."

ते खरं होतं. मी शाळा नववीत सोडली. पुढचं जे काय शिकले ते यार्डाच्या ऑफिसात, स्पेअर पार्टच्या कॅटलॉगवरून. इंग्रजीतले माझे पहिले शब्द गास्केट आणि बेअरिंग. त्यामुळे आठवडाभर या दोन गाड्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं आणि वकिलासारखी तयार होऊन आले होते.

"थोरली गाडी मागच्या माणसासाठी केलेली आहे," मी म्हणाले. "धाकटी चालवणाऱ्यासाठी. इंजिन तेच, वजन कमी. वळणाला ती धरून चालते."

"अगदी बरोबर, ताई," नाईकनवरे म्हणाले.

यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

"रस्त्याच्या."

मामंजींना तेवढ्यात खाली वाकून थोरलीच्या पोटाखाली हात घालायचा होता. टाचा टेकून बसले, जमीन आणि गाडी यांत वीत लावून बघितली आणि उठले. "आपल्या यार्डाम्होरल्या स्पीडब्रेकरवर ही घासणार. मधल्या मधी टेकून बसंल, म्हशीवानी."

"स्पीडब्रेकर काढून टाकू," हे म्हणाले.

"नगरपालिकेचा हाय त्यो."

"मग नगरपालिकेशी बोलू!"

"बघा नाईकनवरे," मामंजी म्हणाले, "गाडीसाठी गाव सरळ करायला निघालंय माझं पोरगं."

हेही हसले, पण दार काही सोडलं नाही. "आबा, एकदा बसून तर बघा. बसल्यावर नाही म्हणा."

"आधी चालवून बघतो. बसायचं नंतर बघू."

मग धाकटी बाहेर काढली. मी नेहमीच्या सवयीनं पुढच्या डाव्या दाराकडे गेले. सासूबाई गेल्यापासून मामंजी कुठंही निघाले की मला बरोबर घ्यायचे आणि पुढंच बसवायचे. बाजाराला, बँकेत, कुणाच्या लग्नाला. दिराच्या बायकोनं मला एकदा चिडवलंही होतं, सासऱ्याशेजारी अशी ऐटीत बसणारी सून तिनं पाहिली नव्हती म्हणे. पण नाईकनवरे पुढं झाले.

"ताई, तुम्ही मागं. चालवून बघताना पुढं आमचा माणूस लागतो, नियम आहे."

"तिला बसू द्या पुढं," मामंजी म्हणाले.

"काका, विम्याचं असतंय. मला ओरडतील."

मामंजी दाराला हात लावून थांबले. मला वाटलं रागावले. "मग ऱ्हाऊ द्या," असं काहीतरी पुटपुटलेही. पण हे मागच्या सीटवरून म्हणाले, "चला की आबा, आता काय झालं?" आणि ते बसले.

हायवेला लागेपर्यंत त्यांनी गाडी नव्या सुनेला घरात आणावी तशी हळू नेली. आणि मग मोकळा रस्ता मिळाल्यावर त्यांनी पाय दाबला. मी तुम्हाला काय सांगू. मी मागून त्यांची मान बघत होते. एरवी ती मान वाकलेली असायची, कॉलरमध्ये बुडालेली. ती सरळ झाली. दोन्ही हात चाकावर अलगद, जसे पाटावर बसलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावेत. ट्रकच्या मागं आले, उजवीकडून काढली, पुन्हा जागेवर आले, आणि आत आमच्या पोटातलं पाणी हललं नाही.

"काय आबा?" हे म्हणाले. आवाजात आपोआप कौतुक आलं होतं.

"लोण्यावानी हाय," मामंजी म्हणाले.

नाईकनवऱ्यांनी मांडीवरचं माहितीपत्रक मिटलं. त्यांना बोलायचं काम उरलं नव्हतं.

परत फिरायला म्हणून आम्ही हायवे सोडून बाजूच्या रस्त्याला उतरलो. तिथून डावीकडे वळायचं होतं. रस्त्याच्या कडेनं एक बाई चालली होती, डोक्यावर वैरणीचा भारा. मला ती लांबूनच दिसली होती. अशी उन्हात, हिरव्यागार भाऱ्याखाली. इतकी दिसण्यासारखी की बोलायचंही सुचलं नाही. मामंजींनी गाडी सरळ तिच्या अंगावर वळवली.

"काका, डावीकडं बघा! बाई!"

नाईकनवऱ्यांनी हात घालून चाक ओढलं. ब्रेक लागला. मी पुढच्या सीटवर आदळले. बाई उडी मारून बाजूला झाली होती, तिला काही लागलं नव्हतं, पण भारा रस्त्यावर पडून सुटला होता.

"डोळं फुटलं का रं मुडद्या?" ती ओरडली. आणि मग तिनं गाडी, गाडीतले लोक, आमचे आईबाप असं एकेक करून सगळ्यांना घेतलं. तिचं काही चुकत नव्हतं.

मामंजी खाली उतरले. वैरण गोळा केली. गुडघा टेकून भारा पुन्हा आवळून बांधला आणि उचलून उभे राहिले. बाई त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभी होती.

"कुठं गेली?" ते म्हणाले.

"हितं तर हाय की!"

ते पूर्ण वळले. मान नाही, आख्खं अंग वळवलं, तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांनी भारा तिच्या डोक्यावर नीट ठेवला. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. ती जरा निवळली. "या वयात कशाला हाकायची असली गाडी," एवढं म्हणून निघून गेली.

येताना नाईकनवऱ्यांनी चालवली. हे मामंजींची समजूत घालत होते, नवी गाडी आहे, पुढच्या काचेचा खांब आडवा येतो, कुणाचंही होतं. माझ्या डोक्यात मात्र गेलं वर्ष उलट्या बाजूनं चालू झालं होतं.

"शैला, त्या डावीकडच्या दुकानावर काय लिवलंय गं?" "त्यो फटफटीवाला गेला का म्होरं?" "तुझ्या त्या मैत्रिणीचं घर आलं का, बघ बरं." मला वाटायचं, सासूबाई गेल्या, घर सुनं झालं, म्हातारपणी माणूस चौकस होतो. मी आपली सांगत सुटायची. पोरं शाळेतून सुटलीत, म्हैस आडवी येतेय, रिक्षावाला घुसतोय बघा. थांबले की म्हणायचे, "बोलत ऱ्हा, बरं वाटतं." आणि मला फार छान वाटायचं. माझ्या माहेरीसुद्धा माझी बडबड कुणाला इतकी आवडली नव्हती.

ट्रकमध्ये डाव्या खिडकीशी क्लीनर बसतो. ड्रायव्हरला तिकडचं दिसत नाही, म्हणून तिकडचं सगळं क्लीनरनं बघायचं आणि ओरडून सांगायचं. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या जागेवर मी बसलेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शोरूममध्ये आल्यावर हे नाईकनवऱ्यांबरोबर आत गेले. मामंजी मागच्या बाजूला, गाड्या धुतात तिथल्या नळावर तोंड धुवायला गेले. मी टॉवेल घेऊन गेले.

"कधीपासनं, मामंजी?"

"काय कधीपासनं?"

"डाव्या डोळ्याचं."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. टॉवेल घ्यायला हात पुढे केला. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, मुद्दाम.

"गेल्या जत्रेपासनं," ते म्हणाले. "आधी धूर धूर दिसायचा. मग दुकानच बंद झालं."

"दाखवलंत?"

"मिरजेला. ट्रकचं काम हाय म्हणून सांगून गेलतो. गेला त्यो गेला म्हनला डॉक्टर. उजवा ठणठणीत हाय."

"आणि यांना नाही सांगितलं."

"सांगून? किल्ली काढून घेतली असती. मग बसायचं ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करत." त्यांनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू बसतीस शेजारी, तवा काय अडत न्हाई गं. वरीसभर कुठं खरचटलं का? सांग तू."

खरचटलं नव्हतं. मी तेच म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "ती बाई पण तुम्हाला दिसली नाही, मामंजी."

"न्हाई दिसली."

"एवढा मोठा भारा होता."

"मला फकस्त रस्ता दिसला," ते म्हणाले. "रिकामा."

नळ टपटपत होता, तो त्यांनी घट्ट बंद केला.

"सांगणार हाईस त्याला?"

"तुम्ही नाही सांगितलंत तर सांगेन," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बावीस वर्षांत मी त्यांना असं काही बोलले नव्हते.

आम्ही आत आलो तर हे उभेच होते. चेहरा काहीतरी ठरवून मोकळ्या झालेल्या माणसाचा. "आबा," हे म्हणाले, "मी विचार केला. तुमचंच खरं. हायवेला तुम्ही गाडी चालवत होता ना, तेव्हा मी तुम्हाला मागून बघत होतो. मला लहानपणचं आठवलं. धाकटीच घेऊ. तुम्हीच चालवा. ते बाईचं काय, होतं असं."

जे सकाळपासून मागत होतो ते पदरात पडलं होतं. मी मामंजींकडे बघितलं. एक हो म्हटलं की झालं असतं. गाडी दारात, किल्ली खिशात, आणि मी डाव्या सीटवर बडबड करायला. मला क्षणभर असंही वाटलं की म्हणू दे बापडा हो, मी डोळ्यांत तेल घालून बसेन.

मामंजी सरळ थोरलीकडे गेले. मागचं दार स्वतः उघडलं आणि आत बसले. यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी मान खाली घातली. नाईकनवऱ्यांनी कुठलंसं बटण दाबलं, सीट मागं गेली, पाय वर उचलले गेले. आमचा बाप माणूस त्या काळ्या चामड्यात आडवा झाला, आणि मला खरंच सलाईन दिसायला लागलं.

"कसं वाटतंय, काका?"

"ब्येस," मामंजी म्हणाले. "फकस्त हितनं रस्ता दिसत न्हाई. म्होरल्याची मान दिसती." मग जरा वेळानं, "काढा मला."

ते उतरले. धोतर झटकलं. चालत धाकटीकडे आले, उजवीकडचं दार उघडलं, ड्रायव्हरचं, आणि मला म्हणाले, "बस."

"मी?"

"बस म्हणतो न्हवं."

मी साडी सावरत बसले. ते खाली वाकून माझ्या पायांकडे बघायला लागले. सासऱ्यानं सुनेच्या पायांकडे बघणं म्हणजे काय, मी लाजून पाय आत घेतले.

"आत काय घेतीस, पोचतात का दाव. ब्रेक दाब. पुरता दाब. पुढचा कोपरा दिसतो का गाडीचा?"

"दिसतो."

"थोरलीत न्हाई दिसायचा तुला. तुझ्या उंचीच्या माणसाला त्यो बोजा हुईल. ही बसंल तुझ्या अंगाला." मग ते वळसा घालून आले आणि माझ्या डावीकडे येऊन बसले. "रणधीर, ही घ्यायची. ही चालवंल."

"ही?" हे हसायलाच लागले. "आबा, हिनं स्कूटी गेटवर घातली होती."

"गेट उघडायला पायजे हुतं कुणीतरी."

"चेष्टा पुरे. तुम्ही चालवणार ना?"

"माझा डावा डोळा गेलाय," मामंजी म्हणाले. जसं काही टायर बसलाय म्हणून सांगावं. "वरीस झालं. शैला शेजारी असायची, ती सांगायची, मी हाकायचो. तिला ठावं नव्हतं. आज ती शेजारी नव्हती."

यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. मग हे चालत काचेपर्यंत गेले आणि बाहेर हायवेकडे बघत उभे राहिले. नाईकनवरे शहाणे, त्यांना कुणीतरी बोलावल्याचं आठवलं. हे काचेपासून परत आले तेव्हा यांचे डोळे लाल होते, आवाज मात्र रागीट.

"ड्रायव्हर ठेवू की आपण. एक काय, दोन ठेवू."

"ड्रायव्हर तुझं ऐकंल, माझं न्हाई. आन् मला म्होरं बसू देणार न्हाई." मामंजींनी पट्टा ओढून बघितला. "हितं डावीकडं बसलं की माझा उजवा डोळा रस्त्यावर ऱ्हातो. सगळं दिसतं बघ. हिला शिकवतो मी. तुला शिकवलं, धा-वीस ड्रायव्हर शिकवले, हिला का न्हाई?"

"तिला विचारलंत का?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात चाकावर होते. कधी ठेवले कुणास ठाऊक.

"घेऊन टाका," मी म्हणाले.

गाडी आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी, यार्डातले ट्रक एका कडेला लावून, मामंजींनी मला मधल्या मोकळ्या जागेत आणलं. मी पदर खोचून बसले. हे मागच्या सीटवर येऊन बसले, कशाला ते विचारलं तर म्हणाले, सहज. पहिल्या वळणाला मी सोडायचा पाय दाबला. गाडी टायरच्या ढिगाकडे झेपावली आणि हातभर अलीकडे कशीबशी थांबली.

"अगं ए बिनडोके!" मामंजी गरजले. "पाय हाय का मुसळ? मारतीस काय म्हाताऱ्याला? भवानी कुठली!"

यार्डात झाडणारी बाई झाडू धरून तशीच थांबली. बावीस वर्षांत या माणसानं मला "जेवलीस का" यापेक्षा मोठ्या आवाजात काही विचारलं नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं तरी गुमान जेवून उठणारा माणूस.

"आबा!" हे मागून म्हणाले. "सुनेला शिव्या देता?"

"सून घरात," मामंजी म्हणाले. त्यांची नजर समोरून हलली नव्हती. "हितं ती गाडी शिकतीया. आन् तू मागनं बोलू नको, लक्ष जातं. हं, घे पुन्यांदा. हळू. डावीकडं मी हाय."

मी ब्रेकवरचा पाय उचलला.